हेल्मेट काढल्यानंतरचे २८ किलोमीटर

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘काका, मी २४ वर्षांची, साताऱ्याची. माझा चुलतभाऊ रॅली चालवतो आणि दोन वर्षं झाली, मी त्याची को-ड्रायव्हर आहे, म्हणजे शेजारी बसून रस्ता आणि वेळ सांगणारी. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. गाडी त्याची, पैसा त्याचा, मला या खेळात आणलं तेही त्यानंच. मागच्या महिन्यात एका क्लबच्या छोट्या रॅलीत दुसऱ्या स्टेजला आमचं मागचं टायर फाटलं. स्टेज तशीच रेटून पूर्ण केली आणि पुढं येऊन रस्त्याकडेला चाक बदललं. त्यात ९ मिनिटं गेली. पुढचं लिएझन २८ किलोमीटरचं, त्याला वेळ ४२ मिनिटं. पुसेगाव-कोरेगाव रस्त्याला मोकळा तुकडा दिसला की दादा काटा ११०वर नेत होता. एका गावाच्या अलीकडं वळणावर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन चालला होता. दादानं तिथंच गाडी बाहेर काढली. समोरून कडेकडेनं एक बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येत होती. ती दचकून मागं सरली आणि भारा खाली पडला. ती पडली नाही, मी वळून बघितलं. आम्ही थांबलो नाही. टीसीला ६ मिनिटं आधी पोचलो आणि पिवळ्या बोर्डाच्या, म्हणजे टीसीची हद्द सुरू होते त्याच्या, अलीकडं लिंबाच्या सावलीत वेळ व्हायची वाट बघत बसलो. मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, “सगळेच असं करतात, तू फक्त कार्ड सांभाळ.” रविवारी पहाटे तो यवतेश्वरच्या घाटात सरावालाही मला नेतो. आमच्याकडं आजोबांपासून शर्यतीची बैलं, त्यामुळं घरात त्याचं सगळ्यांना कौतुक. मी बोलले तर लहान तोंडी मोठा घास होईल. को-ड्रायव्हिंग सोडू का? की गप्प बसू?’

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी ट्रॅक्टरपाशी अडकलो, दुसऱ्या वेळी लिंबाच्या सावलीत. मी त्या सावलीपासूनच सुरुवात करतो, कारण तुझ्या दादाला पटेल असा हिशोब तिथं आहे.

रॅली ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. रॅलीत दोन प्रकारचे रस्ते असतात. स्टेजचा रस्ता परवानगी काढून बंद केलेला असतो, जागोजागी मार्शल उभे असतात, घड्याळ चालू असतं आणि गाडी जीव तोडून पळवायची असते. एका स्टेजपासून दुसऱ्या स्टेजपर्यंत किंवा गाडी दुरुस्त करायच्या जागेपर्यंत, सर्व्हिस पार्कपर्यंत, जायचा रस्ता म्हणजे लिएझन. तो आपला रोजचाच रस्ता. एस.टी., शाळेची पोरं, म्हशी, बाजाराला निघालेली माणसं, सगळं त्याच्यावर असतं. तिथं रॅलीच्या गाडीला नंबर प्लेट, लायसन्स, विमा, वेगमर्यादा सगळं लागू. लिएझनला ठरावीक वेळ दिलेला असतो आणि त्याच्या शेवटी टाइम कंट्रोल, म्हणजे टीसीवर, को-ड्रायव्हरनं ठरल्या मिनिटाला कार्ड द्यायचं असतं. उशिरा गेलात तर पेनल्टी. लवकर गेलात तरी पेनल्टी, आणि ती जास्त जबर.

आता तुझा हिशोब. चाक बदलून निघालात तेव्हा ४२ पैकी ३३ मिनिटं उरली होती. २८ किलोमीटरला ३३ मिनिटं म्हणजे सरासरी ताशी ५१ किलोमीटर. गावं, गतिरोधक, ट्रॅक्टर धरूनसुद्धा ही सरासरी थोडी ओढूनताणून पण जवळपास जमणारी आहे. समजा जमली नसती. सरासरी ४५ पडली असती तर ३७ मिनिटं लागली असती, म्हणजे उशीर ४ मिनिटांचा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे उशिराच्या दर मिनिटाला १० सेकंद पेनल्टी, म्हणजे ४० सेकंद. तुमच्या रॅलीच्या नियमावलीत आकडा वेगळा असेल तर तो घालून हेच गणित पुन्हा कर. लवकर चेक-इन केलं तर मात्र दर मिनिटाला पूर्ण एक मिनिट कापतात. म्हणून तर तुम्ही पिवळ्या बोर्डाच्या बाहेर बसलात.

म्हणजे दादानं वळणावर ट्रॅक्टर ओलांडून जी ६ मिनिटं मिळवली, ती कार्डावर कुठंच चढली नाहीत. ती लिंबाखाली गेली. त्या बाईच्या जिवाची जोखीम घेतली ती सावलीत बसण्यासाठी. हे वाक्य कडू आहे हे मला कळतं, पण दादाला हेच सांग, आणि कागदावर आकडे मांडून सांग. ड्रायव्हर माणूस उपदेश ऐकत नाही, सेकंद ऐकतो.

मी हे लांबून बोलत नाही. १९९०च्या दशकात मी तुझ्याच सीटवर बसायचो. माझाही ड्रायव्हर माझ्याहून मोठा, गाडी त्याची, मी त्याला अहोजाहो करायचो. थंडीचे दिवस होते, सकाळचे साडेसात. दुसऱ्या एका जिल्ह्यात सर्व्हिसमधून आम्ही ५ मिनिटं उशिरा निघालो होतो. पुढं सायकलवर एक दूधवाला, मागं दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेले. मला तो बऱ्याच अंतरावरून दिसला होता. उजव्या हाताला वस्तीकडं जाणारा कच्चा रस्ता फुटलाय तेही दिसलं होतं, आणि हा तिकडं वळणार असंही मनात येऊन गेलं. तोंडात शब्द आला होता. ह्यांना आपण काय सांगायचं म्हणून तो गिळला. तो वळला. आमचा आरसा कॅनच्या कडीत अडकला. ताजं दूध थंड डांबरावर सांडलं आणि उताराच्या बाजूला पसरत गेलं. त्यातून वाफ निघत होती. माणूस एका कुशीवर पडला होता आणि आधी कॅनकडं बघत होता, मग स्वतःच्या पायाकडं.

खुबा मोडला होता. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. बाहेरच्या बाकड्यावर बसलो तेव्हा माझ्या हातात टाइम कार्ड होतं आणि त्याच्यावर पुढच्या टीसीची वेळ माझ्याच अक्षरात लिहिलेली. ते अक्षर मला आजही दिसतं. तो माणूस पुढं काठी घेऊन चालायचा. दुधाचा रतीब त्याच्या मुलानं धरला, शाळा सोडून. त्यांच्याकडं मी बरीच वर्षं जात होतो. त्यानं मला कधी दोष दिला नाही. मला बोलता आलं असतं हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

म्हणून तुझ्या ‘गप्प बसू का’ ला माझं उत्तर नाही असं आहे. आणि ‘सोडू का’ ला, इतक्यात नको. आधी तुझ्या हातात काय आहे ते नीट बघ.

स्टेजमध्ये तू पेस नोट्स, म्हणजे आधी टिपून ठेवलेली रस्त्याची वळणं, वाचतेस. पुढच्या टेकाडापलीकडं रस्ता डावीकडं वळतो की उजवीकडं, हे दादाला दिसत नसतं. तू ‘क्रेस्ट, लेफ्ट चार, कट नको’ (टेकाड, मग चार नंबरचं डावं वळण, आतली कड कापू नको) म्हणतेस आणि तो ताशी १२० नं त्या टेकाडावरून गाडी घालतो, फक्त तुझ्या आवाजावर. वयानं तू नऊ वर्षांनी लहान आहेस हे तिथं त्याला आठवत नाही. हा विश्वास तुम्ही दोघांनी दोन वर्षांत कमावलाय. मग फिनिशचा बोर्ड येतो, पुढं स्टॉप येतो, मार्शल कार्डावर वेळ लिहितो, हेल्मेट निघतं, आणि तुझा आवाज बंद होतो. पुढचे २८ किलोमीटर तू मांडीवर कार्ड घेतलेली धाकटी बहीण होतेस. इथं गडबड आहे. दादाच्या कानाला तुझा आवाज ऐकायची सवय आहे, तो बंद करू नकोस.

दूधवाल्याच्या प्रकारानंतर मी पुन्हा गाडीत बसलो ते दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर आणि एका अटीवर. लिएझनच्याही नोट्स मी वाचणार आणि त्यानं त्या स्टेजसारख्याच पाळायच्या. तू हेच कर. रॅलीआधी रस्ता बघायच्या, रेकीच्या दिवशी लिएझनवरून जाशीलच, तेव्हा रोडबुकात, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या रस्त्याच्या वहीत, लाल पेननं खुणा कर. शाळा कुठल्या हाताला आहे, एस.टी. थांबा कुठं, गतिरोधक कुठले पांढऱ्या पट्ट्यांचे आणि कुठले बिनपट्ट्यांचे, कुठल्या गावाला कुठल्या वारी आठवडी बाजार, साखर कारखान्याचा फाटा कुठं. मग रॅलीत, हेल्मेट काढून इंटरकॉमचा हेडसेट लावला की त्याच सुरात वाचायचं: ‘दोनशेवर गाव, शाळा डावीकडं, चाळीस.’ ‘वळणापलीकडं ऊस लागलाय, दिसत नाही, मागं राहा.’ विनवायचं नाही, रागवायचं नाही, कारण द्यायचं नाही. स्टेजमध्ये तू ‘प्लीज, जरा लेफ्ट घेशील का’ म्हणतेस का? नोट वाचतेस. तशीच वाच.

पहिल्यांदा हसेल. दुसऱ्या गावाला पाय आपोआप उचलेल. मी हे तीन वेगवेगळ्या ड्रायव्हरांवर होताना पाहिलंय.

स्टेज संपल्यावर ड्रायव्हरच्या अंगात काय चाललेलं असतं हेही समजून घे, म्हणजे दादाचा राग कमी येईल. दहा-पंधरा मिनिटं तो पूर्ण ताणलेला असतो, छाती धडधडत असते. डोळ्यांना त्या वेगाची सवय झालेली असते. त्यानंतर डांबरी रस्त्यावर ८० म्हणजे गाडी रांगतेय असं वाटतं. हे त्याचं नाटक नसतं, खरंच तसं वाटतं. म्हणून तर वेग तोंडानं सांगायला दुसरं माणूस लागतं. त्यात तुमच्या गाडीला मातीच्या स्टेजची टायरं. त्यांच्या जाड ठोकळ्यांची पकड खडी-मातीत चांगली, कोरड्या डांबरावर साध्या टायरपेक्षा कमीच. हंगामात रस्त्यावर उसाची पाचट, ट्रॉलीतून सांडलेला चिखल, तो वेगळा.

थांबायला किती जागा लागते ते एकदा त्याच्यासमोर मांड. बघून ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा दीड सेकंद धरला तर ताशी ५०ला चांगल्या टायरांवर साधारण ३५ मीटर लागतात. ११०ला तेच ११० मीटरच्या वर जातं. वेग दुपटीहून थोडाच जास्त, अंतर तिपटीच्या वर. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागून बाहेर काढताना समोरचा किती रस्ता दिसतो, हे तू त्या सीटवरून पाहिलंयस. ट्रॅक्टरवाल्याच्या टेपवर गाणी मोठ्यानं चालू असतात, त्याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही. खड्डा आला की मागची ट्रॉली हातभर हलते. हे आपल्या कोरेगाव-रहिमतपूर पट्ट्यातलं लहान पोर सांगेल. दादाही सांगेल, तो साताऱ्यातच वाढलाय. त्या दिवशी तो फक्त ते विसरला होता.

‘सगळेच असं करतात’ हे मात्र खरं नाही. को-ड्रायव्हिंग थांबल्यावर मी पुष्कळ वर्षं टीसीच्या टेबलावर बसलो. कार्ड घेणाऱ्या माणसाला सगळं दिसतं. ज्यांच्या ब्रेकचा जळका वास गाडीच्या आधी येतो ते कोण आणि दोन मिनिटं आधी शांतपणे येऊन पाणी पिणारे कोण, हे आम्हाला गाडीच्या नंबरानिशी पाठ असायचं. वर्षाच्या शेवटी वर असणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारचेच जास्त असायचे. ते लिएझनला गाडीला आणि स्वतःला थंड करायचा वेळ समजत.

आणि मोठ्यांचंही झालंय ना. रॅलीचा २००३चा जगज्जेता पेटर सोल्बर्ग २०११च्या स्वीडन रॅलीत लिएझनवर जास्त वेगात सापडला. तिथल्या पोलिसांनी त्याचं लायसन्स काढून घेतलं. शेवटची स्टेज त्याला चालवता आली नाही. त्याचा को-ड्रायव्हर ख्रिस पॅटरसन स्टिअरिंगवर बसला आणि जगज्जेता शेजारच्या सीटवर. पाचवे आले. ही गोष्ट दादाला सांग. रॅलीवाल्या माणसाच्या ती मनाला लागते, कारण सीट गेली याचा अर्थ त्याला कळतो. जागतिक स्पर्धेत लिएझनवरच्या वेगाला दंड आहे, पुन्हा पुन्हा सापडलात तर वेळेची पेनल्टी आणि पुढं बाद.

आपल्याकडं नियम काही वेगळा नाही. केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर मोटारीला कमाल ताशी ७०, आणि गावात पाटी असेल ती. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ वेगाचं, १८४ धोकादायक चालवण्याचं. कलम १८९ दादानं स्वतः वाचावं असं आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रॅलीला मिळालेली परवानगी बंद केलेल्या स्टेजपुरती असते. तिचा कागद लिएझनवर दाखवून उपयोग नाही, आणि यवतेश्वरला तर कुठला कागदच नाही. घरच्या गाडीची विमा पॉलिसी काढून वापराच्या मर्यादा लिहिलेला भागही वाच. शर्यत, वेगचाचणी हे तिथं वगळलेलं सापडेल. माणूस गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, निष्काळजीपणानं मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. हे लिहिताना हात जड होतो, पण तू विचारलंस म्हणून सांगतो.

कायद्याहून मला एक दुसरी गोष्ट जास्त छळते. सप्टेंबर २०१९मध्ये जोधपूरकडच्या राष्ट्रीय रॅलीत, बंद केलेल्या स्टेजवर, एक मोटरसायकल आत आली. नवरा-बायको आणि त्यांचा मुलगा, तिघंही गेले. रस्ता बंद होता, मार्शल होते, तरी हे झालं. बंद रस्त्यावर माणूस येऊ शकतो, तर उघड्या रस्त्यावर तो असणारच आहे. वैरण घेऊन चाललेल्या त्या बाईला रॅली आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. तिनं कुठल्या फॉर्मवर सही केली नव्हती, तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, भारा होता.

घरी आजोबांची शर्यतीची बैलं होती असं लिहिलंस, ते वाचून बरं वाटलं. दादाशी बोलायचे शब्द तुला तिथं मिळतील. पुसेगावच्या मैदानात बैल कसे पळतात ते दोघांनी लहानपणापासून पाहिलं असेल. चाकोरी आखलेली, निशाण पडलं की सुटायचं, मैदान संपलं की संपलं. तिथून पुढं आजोबा काय करायचे? जू काढायचे, बैलाच्या अंगावर झूल टाकायचे, कासऱ्याला धरून हळूहळू फिरवायचे, श्वास बसला की मग टेंपोत चढवायचे. फायनल मारलेला बैलसुद्धा गावात शिरताना चालतच यायचा, वाजतगाजत. मैदानातून घरापर्यंत गाडी पळवत आणणारा गाडीवान तुमच्या वाड्यात दुसऱ्या दिवशी कामावर राहिला असता का? हे विचार त्याला. टोमणा म्हणून नको, खरंच विचार. त्याच्याच घरची रीत त्याला आठवून देणं यात लहान तोंडी मोठा घास कुठं आला?

बोलायचं कधी, तेही महत्त्वाचं. गाडीत नको, रॅलीच्या आदल्या रात्री नको, सगळ्या मित्रांसमोर तर मुळीच नको. मधल्या एखाद्या वारी, गाडी गॅरेजमध्ये असताना, दोघंच असा. ‘दादा, तू चुकलास’ पासून सुरू करू नकोस. ‘दादा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, बोलले नाही, मला झोप लागत नाही’ इथून सुरू कर. ते खरंही आहे, तुझ्या पत्रातून दिसतंय.

आणि दुसरं, ९ मिनिटांचा विषय काढ. खरं दुखणं तिथं आहे. मागचं एक चाक बदलायला ९ मिनिटं लागली म्हणून पुढचं सगळं घडलं. चांगल्या जोड्या हेच काम दोन-तीन मिनिटांत उरकतात. जॅक कुणी काढायचा, स्पॅनर कुणी, चाक कुणी धरायचं, फाटलेलं चाक कुठं बांधायचं, हे ठरलेलं असतं आणि पन्नास वेळा केलेलं असतं. तुमच्या अंगणात घड्याळ लावून करा. रविवारी पहाटेचा वेळ मोकळाच आहे, त्याला चांगलं काम लागेल. तीन मिनिटांत चाक बदललं असतं तर तुझ्याकडं ३९ मिनिटं राहिली असती आणि २८ किलोमीटरला सरासरी ४३ पुरली असती. ट्रॅक्टरमागं सरळ रस्ता येईपर्यंत राहता आलं असतं.

यवतेश्वरच्या पहाटेबद्दल मी सौम्य बोलणार नाही. त्या घाटात पहाटे साताऱ्यातली निम्मी चालणारी-पळणारी माणसं असतात. म्हातारे, बीपीवाले, भरतीची तयारी करणारी पोरं. बामणोलीकडची एस.टी. असते, दुधाची वाहनं खाली उतरत असतात. अंधुक उजेड, एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आणि पावसाळ्यात धुकं. तिथं त्या गाडीत तू पुन्हा बसू नकोस. याला चर्चा नाही. सराव हवाच असेल तर मालकाची परवानगी घेऊन खाजगी माळ बघा, क्लबची ऑटोक्रॉस, म्हणजे बंद मैदानातली शर्यत, असेल तिथं जा. आणि घाटाच्या कठड्यावर मोबाइल घेऊन ‘दाबा, दाबा’ म्हणणारी जी पोरं असतात ना, त्यांच्या समोरून दादानं एकदा ४० नं जाऊन दाखवावं. तीही त्याच्याकडं बघूनच शिकतायत.

हे सगळं करूनही त्यानं ऐकलं नाही तर? लिएझनच्या नोट्स वाचतेयस आणि तो मुद्दाम पाय दाबतोय, असं झालं तर त्याला एकदाच, आवाज न चढवता सांग: ‘पुढच्या टीसीला मी उतरणार.’ आणि उतर. रॅलीत दोघंही गाडीत असावे लागतात, एकटा ड्रायव्हर पुढं जाऊ शकत नाही. तू उतरलीस की गाडी बाद. एवढी ताकद तुझ्याकडं आहे हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. ती वापरायची वेळ येऊ नये असं मलाही वाटतं, पण ती आहे हे दादाला आधी माहीत असू दे. त्यानंतर क्लार्क ऑफ द कोर्सला, म्हणजे रॅलीच्या मुख्य अधिकाऱ्याला, जाऊन काय घडलं ते सांग. त्याला चुगली समजू नकोस. गावकऱ्यांनी एकदा दगड उचलले की त्या रस्त्यावर पुन्हा कधी रॅली होत नाही, हे आयोजकांना तुझ्याहून चांगलं कळतं. घरात कुणाशी बोलायचं तर काकूशी बोल. कौतुक करणाऱ्यांत तीही असेल, पण पहाटे गाडी बाहेर पडली की परत येईपर्यंत जागी असणारी तीच असणार.

एवढं झालं की एक काम राहतं, ते पुढच्या रॅलीच्या आधी करा. तुमच्या रोडबुकात त्या वळणाच्या जवळपासच्या फाट्याचा बॉक्स असेल, किलोमीटर लिहिलेला. त्यावरून ते गाव काढ आणि दोघं तिथं जा. साध्या गाडीनं, स्टिकर लावलेली ती गाडी नको. सकाळी बाया रानात असतात, चारनंतर गेलात तर परतीच्या वाटेवर भेटतील. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर विचारा, मागच्या महिन्यात रॅलीच्या गाडीमुळं कुणाचा वैरणीचा भारा पडला होता. गावात ते सगळ्यांना माहीत असतं. ती भेटली की दादाला पुढं होऊ दे, तू मागं राहा. त्यानं काय बोलायचं ते मी लिहून देत नाही, त्याचं त्याला सुचेल. आणि तिच्या डोक्यावर त्या वेळीही भारा असेल तर तो आधी उतरवून घ्या.